तारीख कशावरून?

महाराष्ट्रातल्या शाळेत परिपाठाला दिनविशेष असतोच. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका, सुविचार झाला की एखादा मुलगा कागद घेऊन पुढे येतो आणि आज कोण जन्मलं, कोण वारलं, काय सुरू झालं ते घडाघडा वाचतो. मग प्रश्नमंजूषा. ‘मुंबई-ठाणे रेल्वे कोणत्या साली धावली?’ रांगेतून एका सुरात उत्तर येतं, ‘अठराशे त्रेपन्न!’ हाच ऐवज पुढे वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, दिनदर्शिकेच्या चौकटीत, स्पर्धा परीक्षांच्या मार्गदर्शकात भेटत राहतो. आता तर तो सकाळचा चहा व्हायच्या आत चार पर्यायांसह मोबाइलवर येऊन पडतो.

जाणकार मंडळी या प्रकाराला नाक मुरडतात. सनावळ्या पाठ करणं म्हणजे इतिहास नव्हे, हे वाक्य इतक्यांदा ऐकलं आहे की आता तेही पाठ झालं आहे. मला हे नाक मुरडणं अर्धंच पटतं. तारखांच्या या खेळात दोष आहे, पण तो क्षुल्लकपणाचा नाही. तारीख आयती मिळते, असा समज हा खेळ रोज सकाळी घट्ट करतो, हे त्याचं खरं दुखणं. वास्तविक तारीख कुणीतरी शोधलेली असते, कुणीतरी ठरवलेली असते, प्रसंगी वरून हुकूम काढून कायम केलेली असते. आणि कितीतरी मोठ्या घटनांना ती मिळतच नाही. म्हणून प्रश्नमंजूषेने साल खुशाल विचारावं, मात्र त्याच्या मागोमाग ‘कशावरून?’ असंही विचारावं, एवढीच माझी मागणी आहे.

आधी खेळाच्या बाजूने बोलतो. पाठ्यपुस्तकात इतिहास प्रकरणांनी विभागलेला असतो. टिळक राष्ट्रीय चळवळीच्या प्रकरणात, अण्णा भाऊ साठे मराठीच्या पुस्तकात, आणि या दोघांची गाठ पडण्याची सोय कुठेच नाही. दिनविशेषाला ही शिस्त माहीत नसते. १ ऑगस्ट १९२० या एकाच तारखेखाली तो सांगतो की टिळक मुंबईत सरदारगृहात वारले, सांगली जिल्ह्यातल्या वाटेगावात अण्णा भाऊ जन्मले आणि गांधींच्या असहकाराला आरंभ करण्यासाठी नेमलेला दिवसही तोच होता. योगायोगाला स्वतःचा अर्थ नसतो, हे कबूल. पण तिन्ही गोष्टी एका कागदावर वाचणाऱ्या मुलाच्या मनात एखादा आगाऊ प्रश्न आला, तर तो फुकट जाणार नाही. १९०८ साली टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली तेव्हा मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला होता. त्याच कामगारांच्या वस्तीत पुढे वाटेगावचा हा मुलगा पायी चालत आला, गिरणीत खपला आणि त्यांचा शाहीर झाला. हा धागा तारखेने जोडलेला नाही. तो वाचणाऱ्याने जोडायचा आहे. तारखेने फक्त दोन नावं शेजारी बसवली. पाठ्यपुस्तकाला तेवढंही जमलं नव्हतं.

जाता जाता एक गोष्ट. टिळक गेले ते ३१ जुलैची मध्यरात्र उलटल्यावर. आपल्या पंचांगात दिवस सूर्योदयापासून मोजतात, तेव्हा त्या हिशेबाने ती रात्र अजून ३१ जुलैचीच होती. पंचांगशुद्धीसाठी टिळकांनी स्वतः खटपट केली, त्यांच्या नावाचं पंचांग आजही निघतं. आणि त्यांचा स्मृतिदिन मात्र घड्याळाने ठरवला.

आपल्याकडे दिवस लक्षात ठेवण्याची रीत इंग्रजांच्या कितीतरी आधीची आहे. रामाचा जन्म चैत्र शुद्ध नवमीला, तोही दुपारी बारा वाजता. कृष्णाचा श्रावण वद्य अष्टमीला मध्यरात्री. साल कुणी विचारत नाही, विचारलं तर पाळण्याची दोरी धरलेल्या आजीबाई चमकून बघतील. तुकारामांचंच बघा. फाल्गुन वद्य द्वितीया, म्हणजे तुकाराम बीज, देहूला जमणाऱ्या लाखो माणसांना ठाऊक आहे. पण ती बीज १६४९ ची की १६५० ची, यावर अभ्यासकांत अजून दुमत आहे. म्हणजे दिवस पक्का आणि साल कच्चं. समाज वर्षातून एकदा एकत्र येतो तो दिवसाच्या आधाराने. काय आधी, काय नंतर आणि कशामुळे काय झालं, हे उलगडायला लागतं ते साल. आजची प्रश्नमंजूषा दिवस सांगते आणि साल विचारते, म्हणजे जुन्या स्मरणाला ती इतिहासाची जोड देऊ पाहते. हा हेतू मला वाईट वाटत नाही. अडचण पुढे येते, कारण ‘दिवस पक्का’ हेही दर वेळी खरं नसतं.

शिवजयंतीइतकं याचं चांगलं उदाहरण नाही. बखरींच्या आधाराने शिवाजी महाराजांचा जन्म वैशाख शुद्ध द्वितीया, शके १५४९, म्हणजे १६२७ चा, असं पूर्वी धरलं जाई. मग कारी गावच्या जेधे घराण्याकडून जेधे शकावली टिळकांच्या हाती आली आणि १९१६ साली त्यांनी ती प्रसिद्ध केली. तिच्यात तीन वर्षं पुढची नोंद निघाली : शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार. परमानंदाच्या शिवभारतातूनही तीच तिथी मिळाली. नोंदीतला वार इथे फार मोलाचा ठरतो. तिथी, महिना आणि शक कुणीही मागाहून लिहू शकतो, पण त्या दिवशी कोणता वार होता हे गणिताने पडताळता येतं. मांडून पाहिलं तर शुक्रवारच येतो. पुढे राज्य शासनाने १९६६ साली इतिहास अभ्यासकांची समिती नेमली, वाद चालूच राहिला, आणि २००१ साली १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख शासनाने स्वीकारली. तरीही महाराष्ट्रात जयंती एकाहून अधिक दिवशी साजरी होते, आणि आपलाच दिवस खरा असं प्रत्येकाला वाटतं.

आता जे सांगणार आहे ते कुठल्या दिनविशेषात मला आढळलेलं नाही. १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख आपल्या भिंतीवरच्या कॅलेंडरातली नाही. ती जुन्या, जूलियन कॅलेंडरातली आहे. पोप ग्रेगरी तेरावे यांनी १५८२ मध्ये कॅलेंडर सुधारलं, तेव्हा ४ ऑक्टोबरनंतर एकदम १५ ऑक्टोबर उजाडला. पोर्तुगालने ही सुधारणा लगेच मानली. इंग्लंडने पोपचं ऐकायचं नाही म्हणून तब्बल १७० वर्षं जुनंच चालवलं आणि १७५२ साली २ सप्टेंबरच्या दुसऱ्या दिवशी १४ सप्टेंबर लिहून एकदाचा हिशेब मिटवला. मराठ्यांच्या इतिहासाच्या तिथ्या इंग्रजी तारखांत बसवताना आपल्या अभ्यासकांनी १७५२ पूर्वीच्या काळासाठी ही इंग्रजी जुनी पद्धतच धरली. त्यामुळे आज आपण वापरतो त्या कॅलेंडरात महाराजांचा जन्म १ मार्च १६३० ला येतो. राज्याभिषेकाची ६ जून १६७४ ही तारीखही तशीच. नव्या कॅलेंडराने ती १६ जून.

हे नुसतं पंडिती खुसपट नाही. महाराजांच्या काळात गोव्याचा पोर्तुगीज कारकून आणि सुरतेच्या वखारीतला इंग्रज कारकून एकाच दिवशी पत्र लिहायला बसले, तर दोघांच्या पत्रांवर दहा दिवसांच्या अंतराने तारखा पडत. मुंबई बेट १६६५ मध्ये पोर्तुगीजांकडून इंग्रजांकडे आलं, तेव्हा बेटावरचं सरकारी कॅलेंडर दहा दिवस मागे गेलं असणार. त्यात इंग्रजांचं वर्ष २५ मार्चला बदलायचं. म्हणजे महाराजांच्या जन्माच्या, १९ फेब्रुवारीच्या त्या दिवसाला इंग्रज कारकुनाने साल १६२९ घातलं असतं. मराठी दप्तरांत याच्या वर शक, राजशक, सुहूर सन, फसली, हिजरी. पुष्कळ पत्रांत तर मिती आहे आणि साल नाही. ज्याला पत्र लिहिलं त्याला साल ठाऊकच होतं, मग शाई कशाला घालवायची? ते साल मजकुरातल्या एखाद्या लढाईच्या, लग्नाच्या किंवा मृत्यूच्या उल्लेखावरून काढावं लागतं. राजवाडे, सरदेसाई, ग. ह. खरे यांच्या पिढ्यांची दृष्टी या कामात झिजली. खऱ्यांनी ‘संशोधकाचा मित्र’ लिहिला तो असल्याच वाटा दाखवायला. दिनविशेषाच्या एका ओळीमागे एवढं घडलेलं असतं, आणि आपण ती ओळ ‘क’ पर्यायावर बोट ठेवून संपवतो.

मग १९ फेब्रुवारी चूक का? नाही. एका ठरावीक कॅलेंडरात त्या दिवसाचं ते नाव आहे, आणि शासनाने उत्सवासाठी ते नाव निवडलं आहे. उत्सवाला एक दिवस लागतो, तो ठरवावाच लागतो. माझी तक्रार इतकीच आहे की ‘शासनाने ठरवलं’ आणि ‘पुराव्याने ठरलं’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आठवीतल्या मुलाला समजू शकतं आणि तरी आपण सांगत नाही. कोणकोणत्या जयंत्या कार्यालयांत साजऱ्या करायच्या, याचं परिपत्रक मंत्रालयातून दरवर्षी निघतं. शाळेचा दिनविशेष बहुधा त्या परिपत्रकाची सावली असतो.

पानिपतची गोष्ट आणखी गमतीची आहे, कारण तिथे तारीख बरोबर आहे आणि तिच्यावर चिकटवलेला अर्थ चुकीचा. १४ जानेवारी १७६१, पौष शुद्ध अष्टमी, बुधवार. इंग्रजांनी तोवर नवं कॅलेंडर घेतलेलं होतं, त्यामुळे ही तारीख आपल्याच कॅलेंडरातली आहे. आता १४ जानेवारी म्हटलं की मराठी माणसाला तिळगूळ आठवतो. त्यामुळे ऐन संक्रांतीच्या दिवशी मराठ्यांवर संक्रांत कोसळली, हे वाक्य भाषणांतून आणि लेखांतून दर जानेवारीत ऐकू येतं. पण १७६१ साली संक्रांत १४ जानेवारीला नव्हतीच. सूर्याचा मकरप्रवेश आपल्या पंचांगात ताऱ्यांच्या संदर्भाने मोजतात आणि इंग्रजी कॅलेंडर ऋतूंच्या संदर्भाने चालतं. दोन्ही वर्षांच्या लांबीत किंचित फरक आहे. साधारण साठ-सत्तर वर्षांत तो एक दिवसाचा होतो आणि संक्रांत एक दिवस पुढे सरकते. स्वामी विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३ चा, आणि तो दिवस मकरसंक्रांतीचा होता. त्याच्याही शंभर वर्षं मागे गेलं तर संक्रांत १० जानेवारीच्या आसपास येते. भाऊसाहेब पेशव्यांचं सैन्य मैदानात उतरलं तेव्हा संक्रांत होऊन चारेक दिवस लोटले होते.

आता हे कळल्याने पानिपतचं दुःख कमी होत नाही, आणि कुणाच्या भाषणाची रंगत घालवायची हौसही मला नाही. पण बघा, हे तपासायला दप्तरखान्यात जावं लागत नाही. परिपाठात १२ जानेवारीला युवा दिनाची माहिती वाचली जाते आणि दोन दिवसांनी पानिपतची. दोन्ही कागद शेजारी ठेवून ‘संक्रांत नक्की कधी होती?’ असं विचारणारा एक मास्तर हवा.

दिनविशेषाचा सगळ्यात लाडका शब्द ‘पहिला’. पहिली रेल्वे, पहिला चित्रपट, पहिलं वृत्तपत्र. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून चौदा डबे आणि सुमारे चारशे उतारू घेऊन गाडी ठाण्याला गेली; साहेब, सिंध आणि सुलतान ही इंजिनांची नावं मुलांना पाठ असतात. पण वाफेचं इंजिन त्याआधीच, १८५१ मध्ये, रुडकीला गंगेच्या कालव्यासाठी माती ओढत होतं. मुंबईची गाडी पहिली ती सार्वजनिक प्रवासी गाडी म्हणून. चित्रपटाचंही तेच. दादासाहेब तोरण्यांचा ‘श्री पुंडलिक’ १८ मे १९१२ ला गिरगावात कोरोनेशनमध्ये लागला. फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ निमंत्रितांना दाखवला गेला २१ एप्रिल १९१३ ला आणि लोकांसाठी खुला झाला ३ मेला. पहिला कोणता? नाटकाचं चित्रीकरण धरायचं की नाही, फिल्म कुठे धुतली ते बघायचं की नाही, खासगी खेळ मोजायचा की तिकिटाचा, यावर उत्तर बदलतं. ‘३ मे १९१३’ हे उत्तर चूक नाही, पण ते एका व्याख्येचं उत्तर आहे, आणि ती व्याख्या प्रश्नात दिलेली नसते. फाळक्यांचा मोठेपणा पहिलेपणावर उभा नाही. तोरण्यांचं नाव पुसल्याने तो वाढतही नाही.

यापेक्षा मोठी खोट मला वाटते ती वेगळीच. काही घटनांना तारीख असतेच, काहींना ती कधीच मिळत नाही, आणि तारखांवर चालणारा खेळ या दुसऱ्या घटनांना ओळखतही नाही. पानशेत १२ जुलै १९६१, कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७, किल्लारी ३० सप्टेंबर १९९३. एका रात्रीत किंवा एका सकाळी झालेले हे घाव दिनविशेषात आहेत, असायलाच हवेत. पण १८७६ ते १८७८ चा दुष्काळ कुठल्या दिवसाखाली घालायचा? १९७२ चा? पाऊस न पडण्याला तारीख नसते. तो रोज थोडा थोडा पडत नाही. रोजगार हमीच्या खडीवर बसलेल्या बायकांच्या दिवसांची नोंद हजेरीपटावर झाली, दिनविशेषात नाही. १६ एप्रिल १८५३ च्या गाडीला एकवीस तोफांची सलामी मिळाली आणि तारीखही. त्यानंतर बोरघाट फोडताना हजारो मजूर पटकीने, तापाने आणि सुरुंगांनी मेले, ते वर्षानुवर्षं मरत राहिले म्हणून त्यांचा दिवस नाही.

गिरणी संपाचं उदाहरण तर या खेळाची मर्यादा जवळजवळ गणितासारखी दाखवतं. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईतले अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार संपावर गेले. ही तारीख प्रत्येक मार्गदर्शकात आहे. संप संपला कधी? तो रीतसर मागे घेतलाच गेला नाही. कुणी महिन्यांनी कामावर परतलं, कुणी गावी निघून गेलं, कुणाची गिरणीच पुन्हा उघडली नाही. चिमण्या पडल्या, जमिनी विकल्या गेल्या, टॉवर उभे राहिले, घरांसाठी सोडती निघाल्या. यातल्या कोणत्या दिवशी संप संपला म्हणायचा? मुंबईच्या गेल्या पन्नास वर्षांचा इतिहास समजून घ्यायला हा प्रश्न ‘संप कधी सुरू झाला?’ यापेक्षा कितीतरी उपयोगी आहे. पण त्याला चार पर्याय देता येत नाहीत, म्हणून तो विचारला जात नाही.

यावर शिक्षकांचा आणि परीक्षा घेणाऱ्यांचा आक्षेप मला ठाऊक आहे. परिपाठ वीस मिनिटांचा, पोरं उन्हात उभी. त्यात तुम्ही जूलियन कॅलेंडर काढून बसणार? आणि स्पर्धा परीक्षेत उत्तर एकच लागतं, नाहीतर लोक न्यायालयात जातात. आक्षेप रास्त आहे. पण ‘कशावरून’चा प्रश्नसुद्धा एका ओळीत विचारता येतो आणि त्याचं उत्तरही एकच असू शकतं. ‘१९ फेब्रुवारी १६३० ही तारीख ठरवताना कोणत्या शकावलीचा आधार घेतला गेला?’ ‘इंग्लंडात २ सप्टेंबर १७५२ नंतर कोणती तारीख उजाडली?’ ‘जेधे शकावलीतल्या नोंदीची खातरजमा वारावरून कशी होते?’ शेवटच्या प्रश्नाला दोन मिनिटं लागतील. तेवढी सुविचारातून कापून घ्यावीत. सुविचार तेच ते असतात. आणि रोज नकोच. आठवड्यातून एका दिनविशेषाला साल विचारू नये, साधन विचारावं, इतकं जरी झालं तरी मुलांना कळेल की इतिहास आकाशवाणीसारखा वरून येत नाही, तो कागदावरून, दगडावरून, हिशेबावरून आणि भांडणातून तयार होतो.

या खेळात घालण्याजोगा एक दिवस मला फार आवडतो : १ जून. महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावाची मतदार यादी किंवा साठीच्या पुढच्या शिक्षकांची सेवापुस्तकं उघडली तर १ जूनला जन्मलेल्यांचा सुकाळ दिसतो. बाळंतपणं त्या एका दिवशी झालेली नसतात. बाप पोराला घेऊन शाळेत आला, जन्मतारीख सांगता येईना, गुरुजींनी पोराकडे पाहून वयाचा अंदाज केला आणि शाळा सुरू होण्याच्या हिशेबात बसेल अशी १ जून लिहून टाकली. त्या एका फटकाऱ्यावर माणसाची नोकरी लागली, निवृत्ती ठरली, पेन्शन सुरू झालं. जी मुलगी शाळेतच गेली नाही तिच्या वाट्याला ही खोटी तारीखसुद्धा आली नाही. तिचा जन्म प्लेगच्या सालचा, पुराच्या वर्षीचा किंवा थोरल्या दुष्काळाच्या आदल्या वर्षीचा. दिनविशेषाने ज्या दुष्काळाला जागा दिली नाही, त्याच्यावरूनच घराघरांतल्या बायकांची वयं मोजली गेली.

१ जूनला शाळांना सुट्टी असते, तेव्हा हा प्रश्न शाळा उघडल्यावरच्या पहिल्या आठवड्यात विचारावा लागेल. ‘तुमच्या घरात १ जूनला जन्मलेली माणसं किती, त्यांची तारीख कुणी लिहिली, आणि तारीख नसलेल्या आजीचा जन्म कशावरून सांगतात?’ मुलांनी घरी विचारून यावं आणि दुसऱ्या दिवशी परिपाठात वाचावं. उत्तरं चाळीस मुलांची चाळीस तऱ्हेची येतील, आणि ती बरोबर की चूक हे गुरुजींनाही शाळेचं जुनं दाखलखारीज रजिस्टर काढून मुलांबरोबर बसूनच ठरवावं लागेल.